वाचकांचे प्रश्न : जुनी मोटारसायकल सुरू होत नाही तेव्हा

गेल्या अंकात जुन्या मोटारसायकलींच्या वीज आणि स्टार्टिंगविषयीचे प्रश्न मागवले होते. इंदूरबरोबरच महू, देवास आणि ग्वाल्हेर येथूनही पत्रे आली. बहुतेक पत्रांत बदललेल्या भागांची यादी लांबलचक आहे, परंतु मोजलेला आकडा जवळजवळ कोणीच कळवलेला नाही. दोष कोठे आहे हे ठाऊक नसताना एकेक नवा भाग घालून पाहण्याची सवय महाग पडते, आणि पुष्कळदा जुना चांगला भाग निघून त्याच्या जागी हलक्या प्रतीचा नवा भाग बसतो. म्हणून पुढील उत्तरांत भाग सुचवण्याआधी माप सुचवले आहे. त्यासाठी एक साधा डिजिटल मल्टिमीटर, दोन वायरी जोडलेला छोटा दिवा आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) एवढे सामान पुरते; इंदूरच्या सियागंज बाजारात हे सर्व एका फेरीत मिळते. एकसारखी पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९८६ सालची, पॉइंटवर (उघडमिट करून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांवर) चालणारी ३५० सीसीची बुलेट आहे. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. मात्र ओंकारेश्वराला जाताना सिमरोल ओलांडून भेरूघाटात आलो की इंजिन अडखळू लागते आणि बंद पडते. अर्धा तास थांबल्यावर काही झालेच नाही अशी गाडी सुरू होते. प्लग आणि कॉइल नवे घातले, कार्ब्युरेटर साफ करून घेतला. मेकॅनिक आता इंजिन उघडायचे म्हणतात. काय करावे? – रामबाग, इंदूर

उत्तर : इंजिन उघडण्यास आपण तूर्त संमती देऊ नये. गरम झाल्यावर बंद पडणे आणि निवल्यावर आपोआप सुरू होणे या लक्षणामागे बहुधा टाकीचे झाकण, कंडेन्सर किंवा कॉइल यांपैकी एक असते. झाकणाच्या परीक्षेला पैसा लागत नाही, म्हणून सुरुवात तेथून करावी. टाकीतले पेट्रोल उतरते तशी त्याची जागा घेण्यासाठी झाकणातील बारीक छिद्रातून हवा आत यावी लागते; ते छिद्र धुळीने किंवा गंजाने बुजले तर टाकीतला दाब कमी होत जातो, कार्ब्युरेटरकडे जाणारी धार रोडावते आणि चढावर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल सर्वांत जास्त लागते नेमक्या तेव्हा, गाडी उपाशी राहते. थांबल्यावर हवा हळूहळू शिरते, सगळे पूर्ववत होते, आणि दोष विजेचा असल्याचा समज होतो. पुढच्या खेपेस गाडी बंद पडताच झाकण उघडून पुन्हा लावावे आणि दोन मिनिटांनी किक मारावी. एवढ्याने गाडी सुरू झाली, तर छिद्र साफ करणे हाच उपाय.

तरीही सुरू झाली नाही, तर ठिणगी तेथेच, इंजिन गरम असताना पाहावी. घरी पोहोचेपर्यंत इंजिन निवते आणि पुरावा नाहीसा होतो. जवळ एक जादा प्लग ठेवावा. इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्यावा, म्हणजे पेट्रोलची वाफ बाहेर येणार नाही. प्लग कॅप जादा प्लगवर चढवून त्याचे धातूचे अंग सिलिंडर हेडच्या पंखीला घट्ट टेकवावे आणि डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक फिरवावी. निळसर, जाड, आवाज करणारी ठिणगी आली तर वीज ठीक आहे. पिवळसर, बारीक, मधूनच चुकणारी ठिणगी दिसली किंवा ती मुळीच आली नाही, तर पुढचा शोध पॉइंटच्या बाजूने घ्यावा.

आपल्या गाडीवर हेडलाईटच्या वर अॅम्पिअर मीटर आहे. बुलेट चालवणारे बहुतेक लोक त्याचा उपयोग किकची जागा शोधण्यासाठी करतात : चावी लावून किक हळूहळू दाबत न्यायची, काटा वजा बाजूवरून मधोमध आला की डिकॉम्प्रेसर ओढून किक किंचित पुढे न्यायची, डिकॉम्प्रेसर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच पूर्ण किक मारायची. हाच काटा दोषही सांगतो, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून तीन-चार अॅम्पिअर प्रवाह जातो, म्हणून काटा वजा बाजूला झुकतो. पॉइंट उघडताच तो मध्यावर परततो. दिवे बंद ठेवून किक हळूहळू फिरवल्यावर काटा झुकतो आणि परततो, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंतचा मार्ग शाबूत आहे. काटा हलतच नाही, तर पॉइंट मळलेले आहेत, किंवा चावी अथवा एखादा जोड तुटलेला आहे. काटा झुकलेलाच राहतो, तर पॉइंट उघडत नाहीत, त्यांची वायर कोठेतरी बॉडीला टेकते आहे किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट झाला आहे. हे पाहताना चावी विनाकारण सुरू ठेवू नये. पॉइंट मिटलेले असताना इंजिन उभे राहिले तर कॉइल तापत राहते.

काटा योग्य हलतो आणि तरीही गरम असताना ठिणगी क्षीण असते, तर माझा पहिला संशय कंडेन्सरवर आहे. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलच्या आतल्या जाड वेटोळ्यातील प्रवाह थांबायला तयार नसतो आणि पॉइंटमधील फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो लोट स्वतःमध्ये सामावून घेतो, म्हणून प्रवाह एकदम तुटतो, चुंबकक्षेत्र झटक्यात कोसळते आणि बारीक वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. कंडेन्सर निकामी झाला की ही ऊर्जा प्लगऐवजी पॉइंटवरच जळते. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंट पाहावेत : तोंडे काळीनिळी पडली असतील, किंवा एका बाजूला खळगा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ तयार झाले असेल, तर कंडेन्सर बदलावा. मल्टिमीटरवर त्याची धारकता ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास दिसते, परंतु थंड असताना योग्य आकडा देणारा कंडेन्सर उष्णतेत दगा देऊ शकतो; म्हणून येथे खात्रीचा दुसरा कंडेन्सर लावून पाहणे हीच खरी परीक्षा होय. जुन्याची वायर सोडवूनच नवा जोडावा. बाजारातल्या हलक्या कंडेन्सरांचा अनुभव वाईट असेल, तर तो डिस्ट्रिब्युटरच्या उष्णतेतून बाहेर काढून टाकीखाली चांगल्या अर्थिंगसह बसवण्याची रीत अवलंबण्यास हरकत नाही. नंतर पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करावी आणि कॅमवर चिमूटभर ग्रीस लावावे, अन्यथा फायबरची टाच झिजून फट पुन्हा कमी होते.

कॉइल नवी आहे म्हणून ती निर्दोष आहे असे मात्र समजू नये. तिच्या प्राथमिक, म्हणजे जाड तारेच्या, वेटोळ्याचा रोध थंड असताना आणि गाडी बंद पडल्यावर, असा दोनदा मोजावा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो, तेव्हा पन्नास अंशांच्या फरकाने तो एक-पंचमांश वाढणे स्वाभाविक आहे. आकडा एकदम अनेक पटींनी वाढला किंवा मीटर काहीच दाखवेनासा झाला, तर कॉइल परत करावी.

प्रश्न : वडिलांची १९८२ सालची येझ्दी आहे, ६ व्होल्ट, डायनॅमोची. हेडलाईट इतका मंद आहे की रात्री खड्डा दिसत नाही, आणि बॅटरी दर पंधरवड्याला बाहेर चार्ज करावी लागते. संपूर्ण गाडी १२ व्होल्ट करून घ्यावी असा सल्ला मिळतो आहे. तसे करावे का? – महू

उत्तर : आधी सहा व्होल्टची गाडी खरोखर सहा व्होल्टवर चालते आहे का, हे तपासावे. बहुतेक जुन्या येझ्दी-जावांचे हेडलाईट पाच-साडेपाच व्होल्टवर जळत असतात, आणि दोष सहा या आकड्यावर जातो.

थोडे गणित करू. दिवा ३५ वॉटचा धरला तर ६ व्होल्टच्या गाडीत तो जवळजवळ ५.८ अॅम्पिअर प्रवाह घेतो, १२ व्होल्टच्या गाडीत त्याच्या निम्मा. आता वाटेतल्या गंजलेल्या जोडांमुळे, सैल होल्डरमुळे आणि झिजलेल्या स्विचमुळे मिळून केवळ ०.१ ओहमचा जादा रोध तयार झाला असे समजा. सहा व्होल्टच्या गाडीत त्यावर अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त दाब खर्ची पडतो, म्हणजे जवळपास ९ टक्के. बारा व्होल्टच्या गाडीत त्याच रोधावर अडीच टक्के देखील जात नाहीत. त्यात तारेच्या दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, साधारणपणे साडेतीनाव्या घाताने घटतो. त्यामुळे ९ टक्के व्होल्टेज गेले की प्रकाशाचा पाव भागाहून अधिक हिस्सा जातो, आणि बारा व्होल्टच्या गाडीत आठ टक्क्यांच्या आसपासच. सहा व्होल्टच्या गाडीला जोड स्वच्छ असण्याची एवढी गरज का असते, ते यावरून ध्यानात येईल.

आता मोजणी. इंजिन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज, हेडलाईट सुरू, अशा स्थितीत प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवरील व्होल्टेज घ्यावे आणि नंतर हेडलाईटच्या होल्डरवरील. दोन्हींत ०.३ व्होल्टहून अधिक फरक असेल, तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ न केलेल्या, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाला न जोडलेल्या, टोकाला ठेवून दुसरे क्रमाने फ्यूजच्या आधी, फ्यूजनंतर, चावीनंतर, डिपर स्विचनंतर असे टेकवत जावे. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारतो तेथे चोर आहे. त्यानंतर हेच काम अर्थच्या बाजूने करावे : एक टोक बॅटरीच्या अर्थ टोकाला, दुसरे हेडलाईटच्या कड्याला. ही दुसरी मोजणी सहसा कोणी करत नाही, आणि माझ्या पाहण्यातले निम्म्याहून अधिक मंद दिवे तिथेच बरे झाले आहेत. रंगकाम करून घेतलेल्या गाडीत तर हे हमखास घडते, कारण पेंटर अर्थच्या बोल्टखालची जागाही नव्या रंगाने सुरेख झाकून टाकतो. तेवढी जागा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासावी, बोल्ट आवळावा आणि वरून थोडे पेट्रोलियम जेली लावावे. हेडलाईटपासून थेट बॅटरीपर्यंत एक स्वतंत्र, जाड अर्थ वायर टाकल्यास उत्तमच. चॅसी आणि स्टीअरिंगच्या छऱ्यांमधून वीज परत यावी अशी अपेक्षा चाळीस वर्षांच्या गाडीकडून करू नये.

बॅटरी उतरण्याचा प्रश्न निराळा आहे. इंजिनाचा वेग वाढल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझतो का? विझत नसेल, तर डायनॅमोचे कार्बन ब्रश आखूड झाले असतील, स्प्रिंग ढिली पडली असेल किंवा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळवंडला असेल. कम्युटेटर अत्यंत बारीक पॉलिश पेपरने पुसावा. एमरी पेपर वापरू नये, त्याचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांमध्ये अडकतात. पट्ट्यांमधील खाचा लाकडी टोकाने साफ कराव्यात. दिवा विझतो आणि तरीही बॅटरी उतरते, तर मध्यम वेगावर बॅटरीचे व्होल्टेज पाहावे : ते सातच्या थोडे वर चढले पाहिजे. साडेसहाच्या खालीच राहिले, तर रेग्युलेटरचे (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणाऱ्या भागाचे) पॉइंट आणि त्याचा अर्थचा जोड तपासून घ्यावा. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली असेल, तर डायनॅमोच्या लोखंडातले उरलेसुरले चुंबकत्व जाऊ शकते. ते परत आणण्याचे काम जुन्या जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच द्यावे, कारण उलटी दिशा दिली गेल्यास रेग्युलेटर जळतो.

राहिला १२ व्होल्टचा सल्ला. तो मुळात वाईट नाही, परंतु त्यात रेग्युलेटर, बॅटरी, कॉइल, हॉर्न, फ्लॅशर आणि एकूण एक दिवा बदलावा लागतो, आणि गंजलेले जोड मात्र तसेच राहतात. वरील दुरुस्ती केल्यावर गाडी नियमित रात्रीच्या लांब प्रवासाला वापरायची असेल तरच पुढे जावे. वडिलांची गाडी मूळ स्वरूपात राहावी असे वाटत असेल, तर स्वच्छ जोडांवर सहा व्होल्ट महूहून इंदूरला येण्याइतपत प्रकाश निश्चित देतात.

प्रश्न : रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) राजवाड्याजवळ गाडी सापडली आणि रंगीत पाण्याच्या फवाऱ्यात पूर्ण भिजली. आरएक्स १०० आहे. तेव्हापासून ठिणगीच नाही. मेकॅनिक सीडीआय (ठिणगीचे इलेक्ट्रॉनिक) युनिट गेले असे म्हणतात. – मल्हारगंज, इंदूर

उत्तर : सीडीआय विकत घेण्यापूर्वी पाच मिनिटांची एक परीक्षा करावी. आपल्या गाडीत ठिणगीची वीज बॅटरीतून येत नाही, मॅग्नेटोच्या (इंजिनाबरोबर फिरून वीज निर्माण करणाऱ्या भागाच्या) कॉइलमधून येते. अशा गाड्यांत चावी बंद केली म्हणजे एक वायर बॉडीला जोडली जाते आणि ठिणगी मारली जाते. बुलेटच्या अगदी उलट ही रीत आहे : तेथे वायर तुटली तर ठिणगी जाते, येथे वायर नको तेथे टेकली तर जाते. चावीच्या स्विचमध्ये पाणी आणि गुलाल शिरून त्याचा ओलसर लगदा झाला असेल, तर चावी सुरू असतानाही ती वायर अंशतः बॉडीला जोडलेली राहते. यामाहाच्या मूळ वायरिंगमध्ये ही वायर काळ्या रंगाची, पांढऱ्या पट्टीची असते. सीडीआयजवळचा तिचा जोड सोडवावा आणि प्लगचे अंग हेडला घट्ट टेकवून किक मारावी. ठिणगी आली, तर सीडीआय ठणठणीत आहे आणि दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. वायर सोडलेली असताना गाडी चावीने बंद होणार नाही, हे ध्यानात ठेवावे. गिअर टाकून, ब्रेक दाबून आणि क्लच सोडून इंजिन थांबवावे लागेल.

स्विच काढून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. रंग नुसता पुसून चालत नाही, कारण त्यातले क्षार दमट हवेत पुन्हा वीज वाहू लागतात. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात हाच दोष परत येतो तो त्यामुळे. प्लग कॅपच्या आतही पाहावे. वायर सोडूनही ठिणगी आली नाही, तर सीडीआयचे सगळे जोड उघडून साफ करावेत, मॅग्नेटोचे कव्हर काढून आतले पाणी पुसावे आणि मॅग्नेटोमधून येणाऱ्या दोन्ही कॉइलचे रोध पुस्तिकेतील आकड्यांशी ताडून पाहावेत. ते बरोबर आले आणि हाय टेन्शन (प्लगला वीज देणारी) कॉइलही चांगली निघाली, तरच सीडीआयवर आरोप ठेवावा, आणि तोही शक्यतो ओळखीच्या चालू गाडीचे युनिट घटकाभर लावून. प्लग हवेत लोंबकळत ठेवून किक मारण्याची खोड काही मेकॅनिकांना असते. ठिणगीला बाहेर पडायला वाट न मिळाल्यास ती सीडीआयच्या आत वाट काढते, आणि मग निदान खरे ठरते.

प्रश्न : २००५ सालची १५० सीसीची गाडी आहे. सेल्फचे बटण दाबले की नुसते टक्-टक् वाजते. दोन वर्षांत दोन नव्या बॅटऱ्या घातल्या. किकने गाडी लगेच सुरू होते. – सुदामानगर, इंदूर

उत्तर : मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर धरून बटण दाबावे. व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी उतरलेली किंवा निकामी आहे. ते बाराच्या आसपास टिकून राहते आणि तरी मोटर फिरत नाही, तर बॅटरी निर्दोष असून वीज वाटेत अडते आहे : स्टार्टर रिलेचे जळालेले संपर्क, सैल नट, मोटरचे झिजलेले ब्रश किंवा इंजिनाकडे जाणारी अर्थ केबल. शेवटच्या संशयिताची परीक्षा सोपी आहे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून बटण दाबावे, ०.३ व्होल्टहून अधिक दिसले तर केबलची दोन्ही टोके सोडवून घासावीत.

बॅटऱ्या लवकर का जातात, याचे उत्तर दुसऱ्या मोजणीत आहे. इंजिन मध्यम वेगाने चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. साडेबाराच्या वर सरकत नसेल, तर चार्जिंग नाही. पंधराच्या वर जात असेल, तर रेग्युलेटर बॅटरी उकळतो आहे. हा आकडा पाहिल्याशिवाय नवी बॅटरी घालणाऱ्या दुकानाचा फायदा होतो, ग्राहकाचा नाही.

तिसरी शक्यता गळतीची. चावी बंद असताना ऋण केबल सोडवून मीटर अॅम्पिअरच्या मोठ्या मापावर केबल आणि टोक यांच्यामध्ये जोडावा, आणि त्या अवस्थेत चावी किंवा सेल्फला चुकूनही हात लावू नये. दोन-चार मिलिअॅम्पिअर चालतील. बाजारातून बसवलेल्या चोरघंटीमुळे ५० मिलिअॅम्पिअर जात असतील, तर ९ अॅम्पिअर-तासांची भरलेली बॅटरी १८० तासांत, म्हणजे साडेसात दिवसांत रिकामी होते. सेल्फ तर त्याच्या पुष्कळ आधी बोलेनासा होतो. आठवड्यातून एकदाच गाडी काढणाऱ्यांच्या बॅटऱ्या बहुधा याच कारणाने मरतात.

नवी बॅटरी अॅसिड ओतून घेण्याच्या प्रकारची असेल, तर अॅसिड भरल्यावर अर्धा तास थांबून तिला क्षमतेच्या एक-दशांश प्रवाहाने, म्हणजे येथे ०.९ अॅम्पिअरने, काही तास पहिले चार्जिंग द्यावे लागते. अॅसिड ओतले, गाडीत बसवली, सेल्फ मारून दाखवला, इतक्यावर जी बॅटरी घरी येते तिचे आयुष्य पहिल्याच दिवशी कमी झालेले असते. घाई असली तरी दुकानात एक दिवस ठेवून यावी.

प्रश्न : बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरऐवजी आर. ओ. चे किंवा नळाचे पाणी चालते का? – लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : चालत नाही. नर्मदेचे पाणी आपल्याला गोड लागते ते त्यातल्या क्षारांमुळेच, आणि ते क्षार बॅटरीच्या पट्ट्यांवर बसतात, आर. ओ. च्या पाण्यातही थोडे क्षार उरतात. पातळी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, अॅसिड कधीही घालू नये, कारण उडून जाते ते पाणी.

प्रश्न : परगावी असल्यामुळे गाडी आठ महिने उभी होती. ठिणगी जोरदार आहे, पण गाडी सुरू होत नाही. – ग्वाल्हेर

उत्तर : ठिणगी पाहूनच पत्र लिहिले, याबद्दल आपले अभिनंदन. आता वीज सोडून पेट्रोलकडे वळावे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. कार्ब्युरेटरला नेमका तोच थर मिळतो. फ्लोटच्या वाटीचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे पेट्रोल काढून पाहावे. दोन थर किंवा गढूळपणा दिसला, तर टाकी रिकामी करून धुवावी, पायलट जेट (कार्ब्युरेटरमधील बारीक छिद्राचा स्क्रू) काढून हवेने साफ करावा, जुन्या रबरी नळ्या फुगल्या असल्यास बदलाव्यात आणि ताजे पेट्रोल घालावे. पुढच्या वेळी गाडी दीर्घकाळ ठेवताना कॉक बंद करून वाटी रिकामी करावी आणि बॅटरीची अर्थ केबल सोडवावी.

प्रश्न : फ्यूज वारंवार उडतो. शेवटी मेकॅनिकने तांब्याची तार बांधून दिली. आता उडत नाही. हे योग्य आहे का? – देवास

उत्तर : ती तार आजच काढावी. शॉर्ट अजून जागेवरच आहे, फक्त आता फ्यूजऐवजी वायरिंग जळेल, आणि ते टाकीखालून जाते.

फ्यूजच्या दोन टोकांमध्ये हेडलाईटचा एक जुना, चालू दिवा जोडावा. शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटेल, पण १२ व्होल्टचा ३५ वॉटचा दिवा तीन अॅम्पिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ देत नसल्यामुळे काही जळणार नाही. मग हॉर्न, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर, हेडलाईट यांचे जोड एकेक करून सोडवत जावे. ज्या जोडाला दिवा विझतो किंवा एकदम मंद होतो, त्या शाखेत दोष आहे. शॉर्ट मधूनमधून होत असेल, तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि वायरिंग हाताने हलवून दिव्याकडे पाहावे. स्टीअरिंगच्या वळणापाशी, टाकीच्या मागच्या बोल्टजवळ आणि मागच्या मडगार्डच्या आत, टायर जेथे वायरीला घासू शकतो तेथे, आधी पाहावे. सोललेली जागा सापडली की नुसती चिकटपट्टी गुंडाळू नये; तेवढा तुकडा कापून त्याच जाडीची वायर डाग देऊन जोडावी, वर स्लीव्ह चढवावी, आणि मग मूळ अॅम्पिअरचाच फ्यूज बसवावा.